‘माझ्याकडे तर चालतंय की!’

लातूरच्या एका डीटीपीच्या दुकानात, जुन्या कम्प्युटरवर, एक छोटंसं फुकटातलं सॉफ्टवेअर चालवायचं होतं. करायचं काय, तर फक्त डबल क्लिक! त्या एका डबल क्लिकसाठी नांदेडहून लातूरला जी वरात निघाली, तिची ही गोष्ट.

रात्रीचे साडेअकरा. पुण्यातल्या माझ्या वन रूम किचनमध्ये मी मॅगी खात एका डेडलाइनशी मारामारी करत होते आणि मोबाइलवर मावसभावाचा मेसेज आला. ‘ताई, झालं! एकदम सही चालतंय.’ सोबत त्याच्या लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत स्वच्छ, वाचता येणारं मराठी. मी त्याला तीन अंगठे पाठवले आणि झोपले.

सकाळी लातूरहून मामांचा फोन. ‘पोरी, तुझ्या भावानं पाठवलेलं ते काही उघडंना गं. उघडलं की वहीसारखं काहीतरी येतं आन् आत सगळं इंग्रजी.’

मी लगेच नांदेडला फोन लावला. भाऊ अजून झोपेतच होता. ‘कामून? माझ्याकडे तर चालतंय की!’

हे वाक्य ओळखीचं वाटलं ना? तुमच्या ऑफिसात सॉफ्टवेअर बनवणारं एक जरी माणूस असेल, तरी तुम्ही ते ऐकलेलं असणार. त्याच्याकडे चालतं. तुमच्याकडे चालत नाही. आणि दोघंही खरं बोलत असतात!

मी मास कॉम केलेली मुलगी. ‘कमांड’ म्हटलं की मला आर्मी आठवते. पण या पावसाळ्यात मी चार दिवस नांदेड आणि लातूरमध्ये या एकाच वाक्याच्या मागे फिरले. कारण पलीकडे एक साधी फाइल नव्हती, एका गावाची नावं होती.

मामा, फॉन्ट आणि ती स्मरणिका

मामांचं दुकान गंजगोलाईपासून पाच मिनिटांवर. ज्यांनी लातूर बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते : गंजगोलाई म्हणजे शहराच्या पोटातली गोल बाजारपेठ. मध्ये जगदंबेचं देऊळ आणि चहूबाजूंनी फुटणारे सोळा रस्ते. त्यातल्या एका रस्त्याच्या बोळात मामा गेली पंचवीसेक वर्षं डीटीपी करतात. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, डॉक्टरांची लेटरहेड्स आणि क्लासेसच्या नोट्स. ‘लातूर पॅटर्न’ने डॉक्टर-इंजिनिअर किती घडवले ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या पॅटर्नच्या प्रश्नपत्रिका रात्री जागून टाइप कोण करत होतं? आमचे मामा!

२००३मध्ये त्यांच्याकडे एक वेगळं काम आलं. औसा तालुक्यातल्या एका गावाच्या तरुण मंडळाला भूकंपाला दहा वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची होती.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली गावं झोपली होती आणि पहाटे चारला काही मिनिटं असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गेली. माझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. पण आमच्या घरात अजूनही विसर्जनाच्या रात्री आई एकदा तरी उठून बसते.

त्या स्मरणिकेत थोडे लेख होते, थोड्या आठवणी होत्या आणि पानांमागून पानं फक्त नावांची होती. घरागणिक. आजोबा, आजी, सुना, नातवंडं. मामांनी ती एकेक करून टाइप केली होती. छापील प्रती दोनशेच्या आसपास निघाल्या आणि वीस वर्षांत वाळवी, पाऊस आणि घरबदल यांनी बहुतेक संपवल्या. आता गावातली नवी पोरं मामांकडे आली. ‘काका, नवी आवृत्ती काढू. आन् मोबाइलवर पण टाकू, म्हणजे पुण्या-मुंबईला गेलेल्यांना वाचता येईल.’ तारीख ठरलेली. येता ३० सप्टेंबर.

मामांकडे फाइल होती. पण ती फाइल वाचता येत नव्हती.

लिहिलंय मराठी, दिसतंय भलतंच

हा घोळ समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. आज आपण मोबाइलवर जे मराठी टाइप करतो ते युनिकोडमध्ये असतं. म्हणजे ‘क’ला जगभर एकच ठरलेला नंबर. तो कुठल्याही मशीनवर ‘क’च दिसतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि त्यात देवनागरी होती. पण ते लातूरच्या बोळातल्या दुकानापर्यंत पोचायला बरीच वर्षं गेली. तोवर डीटीपीवाले जे फॉन्ट वापरत त्यांची युक्ती वेगळी होती. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवायचं! कम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवतोय, डोळ्यांना दिसतं मराठी. तो फॉन्ट काढून घेतला की उरते नुसती चिन्हांची खिचडी.

मग एका चिन्हाच्या जागी एक मराठी अक्षर ठेवत गेलं की झालं ना? मलाही तसंच वाटलं होतं. पण मराठी इतकी साधी नाही. ‘शि’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी आधी येते, ‘श’ नंतर. युनिकोडमध्ये ‘श’ आधी, वेलांटी नंतर. ‘सूर्य’मधला रफार जुन्या पद्धतीत ‘य’च्या मागून यायचा, युनिकोडमध्ये तो ‘य’च्या पुढे हवा. म्हणजे नुसतं अक्षर बदलून भागत नाही, अक्षरांना रांगेत पुढे-मागेही करावं लागतं.

आमच्या मावसभावाने नेमकं हेच काम करणारा प्रोग्रॅम बनवला होता. तो नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटरनेटवर कुणीतरी सगळ्यांसाठी खुला ठेवलेला कोड त्याने घेतला, आपल्या मामांच्या फॉन्टसाठी बदलला आणि पुन्हा सगळ्यांसाठी खुला ठेवला. यालाच म्हणतात ओपन सोर्स. कुणीही वापरा, कुणीही सुधारा. भाषा होती पायथन.

आता तुम्ही म्हणाल, मग मामांनी फाइल नांदेडला पाठवायची, त्याने बदलून परत पाठवायची. विषय संपला! आम्हीही आधी तेच केलं. पण परत आलेल्या यादीत नावं चुकलेली होती. चूक कुठे आहे हे फक्त मामांना कळत होतं, कारण मूळ छापील प्रत त्यांच्याकडे. एक चूक सापडली की फोन, मग दुरुस्ती, मग पुन्हा फाइल. एका पानाला दोन दिवस. शिवाय मामांकडे अशा पंचवीस वर्षांच्या फाइली पडलेल्या, आणि कुठल्या फाइलीत फॉन्टची कुठली आवृत्ती आहे तेही त्यांनाच ठाऊक. प्रोग्रॅम मामांच्याच मशीनवर चालायला हवा होता. मामांच्याच हाताने.

आणि मामांच्या मशीनवर होतं विंडोज ७.

अजगर आणि खिडकी

पायथन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम या डच माणसाने बनवली आणि १९९१मध्ये जगापुढे ठेवली. नावाचा अजगराशी संबंध नाही, ते ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून आलंय. लिनक्सच्या बहुतेक मशीनवर पायथन आधीपासूनच असतं. विंडोजवर मात्र ते आपल्याला आणून बसवावं लागतं. आणि खरी गंमत इथेच सुरू होते.

मी शुक्रवारी नांदेडला पोचले. विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या एका टपरीवर भावाने मला चहा पाजत पूर्ण प्रकरण समजावलं. तो स्वतः उबुंटू वापरतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मधून पायथन शिकला. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला हा प्रकल्प अशा खुल्या सॉफ्टवेअरचे धडे मराठीसकट कितीतरी भारतीय भाषांत फुकट देतो. पोरगं हुशार, शंकाच नाही. पण त्याने मामांना जे पाठवलं होतं ती होती नुसती पायथनची फाइल, सोबत चार ओळींची सूचना : आधी पायथन इन्स्टॉल करा, मग कमांड प्रॉम्प्ट उघडा, मग ही ओळ टाइप करा...

‘अरे, मामा कमांड प्रॉम्प्ट उघडतील?’

‘सोपंय की ताई!’

मी त्याला माझ्या भाषेत समजावलं. ‘हे बघ, मी पुण्यात डबा लावलाय. डबेवाल्या काकूंनी मला उद्यापासून डब्याऐवजी रेसिपी पाठवली तर? वर म्हणाल्या, गॅस, कुकर आणि मसाले तुझे तू आण, तर?’

तो हसला. पण मुद्दा पोचला.

पायथनचा प्रोग्रॅम म्हणजे खरोखरच रेसिपी असते. ती वाचून शिजवणारा स्वयंपाकी, म्हणजे इंटरप्रिटर, मशीनवर हवा. शिवाय इतरांनी लिहिलेल्या लायब्ररी, म्हणजे मसाले, हवेत. हे सगळं एकत्र बांधून डबा भरून देणारी साधनंही आहेत. पूर्वी थॉमस हेलर यांचं पायटूएक्सई गाजलं होतं. आज सर्रास वापरलं जातं ते पायइन्स्टॉलर, ज्याचं मूळ गॉर्डन मॅकमिलन यांच्या जुन्या ‘इन्स्टॉलर’मध्ये आहे. दोन्हीही फुकट आणि खुली. पायइन्स्टॉलर तुमचा प्रोग्रॅम, सोबत अख्खा पायथन आणि लागतील त्या लायब्ररी गोळा करतं आणि डबल क्लिक करता येईल अशी एक्सई फाइल देतं. समोरच्याला पायथन म्हणजे काय हे कळायचीही गरज नाही.

भावाने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून पायइन्स्टॉलर चालवलं. फाइल तयार! पण ती लिनक्सची. पायइन्स्टॉलर ज्या मशीनवर चालवाल त्याच जातीचा डबा भरतं. विंडोजसाठी हवा असेल तर विंडोजवरच बसून भरा.

मग रूम पार्टनरचा विंडोज ११चा लॅपटॉप उसना घेतला. तिथे नवं पायथन, नवी एक्सई. भावाने ती उघडून बघितली, खिडकी छान उघडली. आता मामांना पाठवायची कशी? मेलने एक्सई जाईना, सुरक्षेच्या नावाखाली अडवली गेली. शेवटी ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवली. अर्ध्या तासाने मामांचा फोन : ‘हे म्हणतंय, तुमच्या विंडोजला चालत नाही.’

‘मामा, कम्प्युटर ३२ बिट आहे का ६४?’

‘आता ते मला काय माहीत बाळा? काळ्या रंगाचाय.’

भावाने डोक्याला हात लावला. मी म्हटलं, ‘चल, बॅग भर. लातूरला जाऊ.’

पेनड्राइव्ह घेऊन लाल डब्यात

नांदेड ते लातूर. लोहा, अहमदपूर, चाकूर. एसटीत खिडकीजवळ बसून भाऊ मांडीवर उसना लॅपटॉप घेऊन काम करत होता आणि कंडक्टर त्याच्याकडे संशयाने बघत होता. मी मात्र तेवढ्या वेळात एक गोष्ट शिकले : मशीन जुनं असेल तर पायथनही जुनंच लागतं. पायथन ३.८ ही विंडोज ७वर चालणारी शेवटची आवृत्ती, २०१९मधली. ३.९पासून पुढचं पायथन विंडोज ७ला हात लावत नाही. त्यात मामांचं विंडोज ३२ बिटचं निघालं तर पायथनही ३२ बिटचंच हवं. हे ६४ बिटच्या लॅपटॉपवर बसून बनवता येतं, त्याच्या उलट मात्र चालत नाही.

‘मामांनी नवा कम्प्युटर का घेत नाहीत?’ असं मीही विचारलं होतं. उत्तर दुकानात गेल्यावर दिसलं. मशीनच्या मागे एक छोटी ठोकळ्यासारखी वस्तू खुपसलेली होती. डोंगल. जुनं मराठी सॉफ्टवेअर त्या डोंगलशिवाय सुरूच होत नाही, आणि ते नव्या विंडोजवर बसत नाही. पंचवीस वर्षांच्या पेजमेकरच्या फाइली उघडायच्या तर हेच मशीन हवं. मामी म्हणतात, ‘ह्या मशीनला आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त मान हाय!’ मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ला राम राम ठोकला. पण आपल्याकडच्या किती दुकानांतून तो अजून रोज सकाळी सुरू होतो, ते कुठल्याही झेरॉक्सच्या टपरीवर डोकावून बघा.

मामींच्या हातचं सुशीला खाऊन आम्ही कामाला लागलो. मशीन ३२ बिटचंच निघालं. भावाने ३.८वर बनवलेली नवी एक्सई पेनड्राइव्हवरून टाकली. डबल क्लिक. एरर! ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ अशा काहीतरी लांबलचक नावाची फाइल सापडत नाही म्हणे. शोधाशोध केल्यावर कळलं की विंडोज ७साठी मायक्रोसॉफ्टनेच दिलेला एक अपडेट या मशीनवर बसलेला नाही. मामा इंटरनेटच लावत नाहीत, अपडेट बसणार कुठून? तोही पेनड्राइव्हवरून बसवला. रीस्टार्ट. चहा.

पुन्हा डबल क्लिक. या वेळी खिडकी उघडली! मामांनी फाइल निवडली, बटण दाबलं... आणि खिडकी भसकन बंद.

‘माझ्याकडे तर...’ भावाने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो गप्प झाला.

एका ओळीतली चूक

चूक शोधायला दोन तास लागले. निघाली ती एवढीशी. मराठी अक्षरं फाइलमध्ये लिहायची तर कुठल्या पद्धतीने लिहायची ते सांगावं लागतं. लिनक्सवर न सांगताही युनिकोडची यूटीएफ-८ ही पद्धत धरली जाते. विंडोजवर पायथन आजवर मशीनची जुनी ठरलेली पद्धत धरत आलंय, आणि ती बऱ्याचदा पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी बनलेली असते. तिच्यात ‘क’ला जागाच नाही. प्रोग्रॅम पहिल्याच मराठी अक्षराला अडला आणि बेशुद्ध पडला. उसन्या लॅपटॉपवर भावाने फक्त खिडकी उघडून बघितली होती, फाइल बदलून बघितलीच नव्हती! कोडमध्ये एका ओळीत यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलं आणि गाडी सुरू.

विचार करा. मराठीसाठीच बनवलेला प्रोग्रॅम, आणि तो अडला मराठी लिहिताना.

संध्याकाळी पाच वाजता पडद्यावर नावं आली. मामांनी चष्मा वर केला, छापील प्रत उघडली आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही त्यांनी हाताने थांबवलं. तिसऱ्या पानावर बोट अडलं.

‘हे चुकलंय.’

एका आजींच्या नावातला रफार उडाला होता. ‘दुर्गा’ची ‘दुगा’ झाली होती. या फॉन्टमध्ये रफार दोन होते, अरुंद अक्षरासाठी एक आणि रुंद अक्षरासाठी दुसरा. भावाच्या यादीत एकच.

‘एवढंच ना मामा? समजतंय की वाचताना,’ भाऊ म्हणाला.

मामा चिडले नाहीत. पण त्यांनी प्रत बंद केली. ‘बाळा, त्यांच्या घरात आता सांगायला कोणी नाही की आमच्या आजीचं नाव असं नव्हतं म्हणून. आपणच बघायचं.’

यानंतर भावाने ‘एवढंच ना’ हा शब्द काढला नाही.

मोठ्यांचंही असंच असतं

रात्री गच्चीवर भाऊ थोडा खट्टू होता. ‘प्रोग्रॅम लिहायला मला चार रात्री लागल्या. अन् हे डबे भरायला आठवडा!’

मी म्हटलं, ‘तुझ्याच लाइनमधले मोठे लोक काय करतात ते बघ की.’ मग आम्ही दोघांनी मोबाइलवर शोधाशोध केली. आयआयटी मुंबईचे प्रभू रामचंद्रन यांचं ‘मायावी’ हे सॉफ्टवेअर जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. आकडेवारीचं त्रिमितीय चित्र काढणारं, पायथनमधलं, खुलं. त्याच्यासोबत व्हीटीकेसारख्या जडशीळ लायब्ररीही लागतात. म्हणूनच हे सगळं आधीच एकत्र बांधून देणारी पायथनची पॅकेजं निघाली आणि लोकप्रिय झाली. इंजिनिअरांनासुद्धा तयार डबाच आवडतो!

दुसरं उदाहरण तुमच्यापैकी अनेकांच्या लॅपटॉपवर असेल. ‘कॅलिबर’. ई-बुकं सांभाळायला आणि एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात न्यायला सगळे जे वापरतात ते. कोविद गोयल या भारतीयाने २००६मध्ये त्याची सुरुवात केली. तेही मुख्यतः पायथनमध्येच लिहिलेलं आहे. माहीत होतं तुम्हाला? मलाही नव्हतं. कारण विंडोजवर ते आपला पायथन आपल्या पोटातच घेऊन येतं. सेटअपवर क्लिक करा, ‘नेक्स्ट’ दाबत राहा, संपलं. वापरणाऱ्याला आत काय आहे ते कळलंच नाही, यातच बनवणाऱ्याचं यश.

भाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘म्हणजे डबा भरणं हे पण प्रोग्रॅमिंगच आहे म्हणायचं.’

मराठवाड्यात कोड लिहिणाऱ्या पोरांची आता वानवा नाही. नांदेडचं गुरू गोबिंदसिंगजी इंजिनिअरिंग कॉलेज १९८१पासून आहे, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४पासून. लातूरच्या गल्लीगल्लीत कम्प्युटरचे कोर्स आहेत. प्रोजेक्ट सगळेच करतात. पण तो प्रोजेक्ट मार्क मिळाल्यावर गावातल्या एखाद्या दुकानदाराच्या, एखाद्या मास्तरांच्या मशीनवर चालतो का, हा प्रश्न कुठल्याच परीक्षेत येत नाही.

प्रश्नचिन्हांचं गाव

रविवारी भावाने दुसरा रफार यादीत घातला. शिवाय मामांना स्वतःलाच दुरुस्ती करता यावी म्हणून अक्षरांची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवली. नोटपॅडमध्ये उघडा, नवी ओळ घाला, सेव्ह करा. मामांनी उत्साहाने एक ओळ घातली, सेव्ह केलं, बटण दाबलं.

अख्खं गाव प्रश्नचिन्हांचं झालं. घरामागून घर, ओळीमागून ओळ, फक्त प्रश्नचिन्हं.

मामांचा चेहरा असा पडला की मला बोलवेना. ‘माझ्या हातानं गेलं का सगळं?’

गेलं नव्हतं. मूळ फाइल जशीच्या तशी होती. विंडोज ७चं नोटपॅड न विचारता जुन्या पद्धतीने सेव्ह करतं आणि मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं ठेवतं. खरं तर ते एक इशारा दाखवतं, पण तो इंग्रजीत असतो आणि आपण सगळेच सवयीने ‘ओके’ दाबतो! विंडोज १०च्या २०१९मधल्या अपडेटपासून नोटपॅड यूटीएफ-८ धरायला लागलं. मामांचं नोटपॅड त्याआधीचं.

त्या दुपारी भावाने जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. त्याने मामांना ‘असं नाही, तसं सेव्ह करा’ असं शिकवलं नाही. त्याने प्रोग्रॅममध्येच एक छोटी खिडकी केली. डावीकडे जुनं चिन्ह, उजवीकडे मराठी अक्षर, खाली मोठं बटण : ‘जतन करा’. नोटपॅडचा संबंधच संपवला. चूक होण्याची जागाच बुजवून टाकली.

एकच मोठी एक्सई देण्याऐवजी त्याने आता पूर्ण फोल्डर दिला. एकच फाइल दिसायला छान, पण ती दर वेळी सुरू होताना स्वतःला तात्पुरत्या जागेत उलगडते. दोन जीबीच्या मशीनवर तेवढ्यात चहा होतो! शिवाय शेजारच्या दुकानातल्या अँटिव्हायरसने ती व्हायरस समजून उडवलीच होती. वाईट सॉफ्टवेअर बनवणारेही हेच फुकटचं साधन वापरतात, त्यामुळे चांगल्यांवरही संशय येतो. मग इनो सेटअप या आणखी एका फुकट साधनाने त्या फोल्डरचं रीतसर सेटअप केलं. डेस्कटॉपवर आयकॉन आला. आयकॉनला भावाने मामांच्या दुकानाच्या पाटीचा फोटो लावला.

संध्याकाळी मामांनी डबल क्लिक केलं. खिडकी उघडली. फाइल निवडली. नावं आली, रफारासकट. मामा पुन्हा पहिल्या पानापासून बोट ठेवून वाचायला बसले. आम्ही निघायची वेळ झाली तेव्हा ते अकराव्या पानावर होते.

‘मामा, येतो आम्ही.’

‘थांब जरा.’ त्यांनी ओळ संपवली, मग चष्मा काढला. ‘हे पायथन पायथन म्हणतोस, म्हणजे काय रे?’

‘अजगर, मामा,’ भाऊ म्हणाला.

‘हौ? मला तर कुठं दिसला नाही.’

भाऊ एसटीत बसेपर्यंत हसत होता. मग गंभीर झाला. ‘ताई, मामांना दिसला नाही म्हणजे बरोबर पॅक झालाय ना?’

परवा मामांचा फोन आला होता. यादी पूर्ण तपासून झाली. आणखी चार चुका सापडल्या, त्यांनी स्वतःच दुरुस्त केल्या. बोळातला दुसरा डीटीपीवाला पेनड्राइव्ह घेऊन आला होता, ‘तुमचं ते सेटअप द्या की’ म्हणत. त्याच्या मशीनवर विंडोजने निळी पाटी दाखवून घाबरवलं, तर मामांनीच त्याला सांगितलं, ‘कुठून आणलंय ते ठाऊक असेल तरच पुढं जायचं. हे माझ्या भाच्यानं केलंय, बिनधास्त दाब.’

‘चाललं का मग त्यांच्याकडे?’ मी विचारलं.

‘चाललं की!’ मामा म्हणाले. ‘माझ्याकडे पण चालतंय, त्याच्याकडे पण चालतंय.’

तुम्हीही असं काही बनवत असाल, तर...

• आधी समोरच्याचं मशीन विचारा. विंडोज कुठलं, ३२ बिट की ६४? ‘काळ्या रंगाचं’ असं उत्तर आलं तर स्वतः जाऊन बघा.

• विंडोजसाठीचं पॅकेज विंडोजवरच बनवा. विंडोज ७ असेल तर पायथन ३.८ ही शेवटची गाडी.

• पायथन थेट इन्स्टॉल करायला सांगणार असाल, तर सेटअपच्या पहिल्याच पडद्यावरची ‘पाथ’ची चौकट टिक करायला सांगायला विसरू नका. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

• फाइल उघडताना आणि लिहिताना यूटीएफ-८ हे स्पष्ट लिहा. पायथन ३.१५पासून तीच मूळ पद्धत करायचं ठरलंय, पण जुनी मशीनं तोवर थांबणार नाहीत.

• एकाच एक्सईऐवजी फोल्डर आणि सेटअप द्या. लवकर सुरू होतं आणि अँटिव्हायरसचा त्रासही कमी.

• अनोळखी एक्सई विंडोजने अडवली तर ते त्याचं कामच आहे. डिजिटल सहीचं सर्टिफिकेट घेतलं तर विश्वास वाढतो, पण त्याला पैसे पडतात. तोवर कोड खुला ठेवा आणि सेटअप ओळखीच्या हातांनीच द्या.

• प्रोग्रॅम नुसता उघडून बघू नका, खरं काम करून बघा. आणि शेवटची टेस्ट, ज्याचं काम आहे त्याच्याच हातून, तुम्ही माउसला हात न लावता.